भराव वेगळा, कड वेगळी

पायथनच्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीत चौकोन, वर्तुळे आणि बहुभुज रंगवताना येणाऱ्या अडचणींविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांतली निवडक इथे एकत्र घेतली आहेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना अक्षरे आणि आकडे अर्थातच इंग्रजी हवेत, आणि जिथे अधोरेषा दिसते तिथे ती गाळू नये.

प्रश्न : आयत तयार करून ॲड_पॅचने जोडला. संगणक चूक दाखवत नाही, पण चित्रात चौकोनही दिसत नाही. माझा चौकोन आडव्या अक्षावर १० ते ६० आणि उभ्या अक्षावर २० ते ४० असा आहे.
— पदवीचा विद्यार्थी, फोंडा

उत्तर : चौकोन काढला गेला आहे, पण चौकट त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. रिकाम्या चित्राचे दोन्ही अक्ष ० ते १ असतात. प्लॉट किंवा बार ही आज्ञा चौकट आपोआप ताणते. ॲड_पॅच आकाराच्या मर्यादांची नोंद करते, पण चौकट ताणत नाही. सगळे आकार जोडून झाले की ऑटोस्केल_व्ह्यू ही आज्ञा द्या, नाहीतर सेट_एक्सलिम आणि सेट_वायलिमने मर्यादा स्वतः ठरवा. आकार जोडल्यानंतर त्याची रुंदी बदलली असेल तर आधी रीलिम आणि मग ऑटोस्केल_व्ह्यू द्यावे लागते, कारण पहिली नोंद जुनीच राहिलेली असते.

त्याच पत्रात वर्तुळ अंड्यासारखे दिसते अशी तक्रार आहे. सेट_आस्पेक्टला 'इक्वल' द्या. आणखी एक गोष्ट आताच लक्षात ठेवा. सर्कलला त्रिज्या द्यायची असते, तर इलिप्सला पूर्ण रुंदी आणि पूर्ण उंची. दोन्ही एकाच चित्रात असले की एक आकार दुसऱ्याच्या निम्मा निघतो आणि चूक कुठे झाली ते पटकन सापडत नाही.

प्रश्न : आमच्या भागातल्या मिठागरांचा आराखडा काढत आहे. प्रत्येक वाफा म्हणजे एक पॉलिगॉन. कलर 'टील', अल्फा ०.४ आणि लाइनविड्थ ६ दिली. प्रत्येक वाफ्याच्या कडेत दोन छटा दिसतात, बाहेर फिकट आणि आत गडद. दोन वाफ्यांमधली कड तर त्याहून गडद. कड काढून टाकली तर वाफ्यांच्या मध्ये केसासारखी पांढरी रेघ उरते. वाफे थोडे तिरके आहेत.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : तुम्हाला दिसलेल्या तिन्ही गोष्टींना कारणे आहेत आणि तिन्ही टाळता येतात.

सुरुवात 'कलर' या शब्दापासून करू. हा शब्द भराव आणि कड दोन्ही एकाच रंगाने रंगवतो. सोबत फेसकलर किंवा एजकलर दिला असेल तर त्यालाही तो बाजूला सारतो. बंद आकारासाठी 'कलर' कधीच वापरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. भरावासाठी फेसकलर आणि कडेसाठी एजकलर असे वेगवेगळे लिहिले की निम्म्या अडचणी निर्माणच होत नाहीत. 'अल्फा'चेही, म्हणजे पारदर्शकता ठरवणाऱ्या आकड्याचेही, तसेच आहे, तो दोघांनाही लागू होतो. लाल, हिरवा, निळा यांच्यानंतरच्या रंगाच्या चौथ्या आकड्यात तुम्ही वेगळी पारदर्शकता लिहिली असली तरी वेगळा दिलेला अल्फा तिला पुसून टाकतो.

आता दोन छटांकडे येऊ. कडेची रेघ आकाराच्या सीमेवर मध्यभागी बसते, निम्मी आत आणि निम्मी बाहेर. लाइनविड्थ पॉइंटमध्ये मोजतात आणि ७२ पॉइंटांचा एक इंच होतो. म्हणजे तुमच्या ६ पॉइंटांपैकी ३ पॉइंट भरावावर चढले आहेत. बाहेरच्या निम्म्या भागात फक्त कडेचा थर आहे, म्हणून तिथे ४० टक्के रंग. आतल्या भागात भराव आणि कड असे दोन थर आहेत. पहिल्या थरानंतर ६० टक्के कागद दिसतो, दुसऱ्यानंतर त्याच्या ६० टक्के, म्हणजे ३६ टक्के. रंग झाला ६४ टक्के. शेजारच्या वाफ्याशी असलेल्या सामाईक कडेवर दोन कडा आणि एक भराव असे तीन थर पडतात, आणि रंग ७८ टक्क्यांवर जातो.

उपाय असा. पारदर्शकता फक्त भरावाला द्या. मॅटप्लॉटलिबच्या कलर्स विभागातल्या टू_आरजीबीए या आज्ञेला 'टील' आणि ०.४ द्या, मिळालेला रंग फेसकलरमध्ये ठेवा आणि अल्फा अजिबात लिहू नका. आवृत्ती ३.८ किंवा त्यापुढची असेल तर रंगाचे नाव आणि पारदर्शकता यांची जोडी कंसात थेट देता येते. एजकलरला अवतरणातले 'नन' द्या. हे 'नन' लहान अक्षरांत आणि अवतरणात हवे, त्याचा अर्थ रंगच नको. अवतरणाशिवायचे, मोठ्या अक्षराने सुरू होणारे नन दिले तर लायब्ररी आपला ठरलेला पर्याय घेते. वाफ्यांमधले बांध शेवटी एकदाच, वेगळ्या रेघांनी, प्लॉट किंवा लाइनकलेक्शन वापरून काढा. बांध ही आराखड्यातली स्वतंत्र वस्तू आहे, दोन वाफ्यांची सामाईक कड म्हणून तो दोनदा काढायचा नसतो.

राहिली पांढरी रेघ. तिरकी सीमा पिक्सेलच्या मधून जाते. गुळगुळीत दिसावे म्हणून अशा पिक्सेलला प्रत्येक वाफा आपल्या वाट्याइतकाच रंग देतो. पहिल्याने ५० टक्के दिला, दुसऱ्याने उरलेल्याच्या ५० टक्के दिला, की एकूण ७५ होतात आणि २५ टक्के कागद डोकावतो. अगदी उभ्या-आडव्या चौकोनांच्या कडा लायब्ररी पिक्सेलवर नेमक्या बसवते, म्हणून पीएनजीत त्यांच्यामध्ये ही रेघ सहसा दिसत नाही. तुमचे वाफे तिरके असल्याने ती दिसते. हे गुळगुळीत करणे, म्हणजे अँटिअलायस्ड, बंद केले तर रेघ जाते, पण तिरक्या कडा पायऱ्यांसारख्या होतात. ते करू नका. भराव अपारदर्शक असेल तर एजकलर भरावाच्याच रंगाचा आणि लाइनविड्थ ०.३ ते ०.५ ठेवा, म्हणजे फट बुजते.

पण तुमचा भराव पारदर्शक आहे, त्यामुळे कड दिली की पुन्हा थरावर थर चढतील. तेव्हा पारदर्शकताच सोडा आणि फिकट रंग थेट वापरा. टील म्हणजे ०, १२८, १२८. पांढऱ्या कागदावर ४० टक्के टीलचा रंग काढायचा तर प्रत्येक आकड्याला ०.४ ने गुणून त्यात २५५ चे ६० टक्के, म्हणजे १५३ मिळवायचे. उत्तर येते १५३, २०४, २०४. हे आकडे २५५ ने भागून ०.६, ०.८, ०.८ असे द्या, कारण मॅटप्लॉटलिबला आकड्यांतला रंग ० ते १ यांच्यातच लागतो. १५३ तसेच दिले तर चूक दाखवणारा संदेश येतो. खाली उपग्रहाचे छायाचित्र दिसायला हवे असेल तरच खरी पारदर्शकता ठेवा.

प्रश्न : गोव्याच्या १२ तालुक्यांना पावसाच्या आकड्यांनुसार रंग द्यायचे आहेत. प्रत्येक पॉलिगॉनला वेगळा फेसकलर दिला, सगळे पॅचकलेक्शनमध्ये घातले, तर सगळा गोवा एकाच निळ्या रंगाचा झाला. नंतर सेट_ॲरे वापरले. रंग आले, पण चोडण आणि दिवाडीचे रंग तिसवाडीशी जुळत नाहीत. सुटे पॉलिगॉन काढून पाहिले तेव्हा किनाऱ्यावर जागोजागी काटे उभे राहिले.
— भूगोलाची विद्यार्थिनी, पणजी

उत्तर : पॅचकलेक्शन, म्हणजे आकारांचा एकत्र गट, आकारांची बाह्यरेषा घेते आणि त्यांचे रंग सोडून देते. ते टिकवायचे असतील तर मॅच_ओरिजिनल 'ट्रू' द्यावे लागते. त्याने भराव, कड, कडेची जाडी आणि रेघेचा प्रकार टिकतो. हॅच, म्हणजे भरावातल्या रेघा-टिंबांचा नमुना, टिकत नाही, कारण एका कलेक्शनला एकच हॅच असतो. आकारांचा स्वतःचा झेडऑर्डरही, म्हणजे कोण वर आणि कोण खाली ते ठरवणारा आकडाही, उरत नाही, यादीतल्या क्रमानेच ते काढले जातात.

तुझ्या कामासाठी मात्र सेट_ॲरे हाच योग्य रस्ता आहे. आकडे दे, सीमॅप, म्हणजे आकड्यांना रंग नेमून देणारी रंगमाला, निवड, आणि फिग.कलरबारला हेच कलेक्शन दे, म्हणजे सूचीपट्टी आणि नकाशा एकमेकांशी बांधलेले राहतात. सेट_ॲरे दिले की भरावाचा रंग आकड्यांवरून ठरतो आणि आधीचा फेसकलर बाद होतो. कड मात्र तुझ्या हातात राहते. एजकलर पांढरा आणि लाइनविड्थ ०.८ ठेवली तर तालुके छान सुटे दिसतात. दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवायचे असतील तर दोन्हींना सेट_सीलिमने तीच किमान आणि तीच कमाल मर्यादा द्यायलाच हवी. नाहीतर प्रत्येक नकाशा आपापल्या आकड्यांवर रंग ताणतो, आणि कमी पावसाचे वर्षही जास्त पावसाच्या वर्षाइतकेच गडद दिसते. एखाद्या तालुक्याचा आकडा नसेल तर तिथे शून्य लिहू नकोस, नॅन, म्हणजे 'आकडा नाही', असे लिही आणि सीमॅपच्या विथ_एक्स्ट्रीम्समध्ये 'बॅड' म्हणून फिकट करडा दे. शून्य पाऊस आणि नोंद नसणे यांतला फरक वाचकाला नकाशावरच कळला पाहिजे.

आता बेटे. तुझ्याकडे तालुके १२ आहेत, पण मांडवीतली चोडण आणि दिवाडी तू सुटे पॉलिगॉन म्हणून जोडली असशील, म्हणजे आकार १४ झाले. आकडे १२ आणि आकार १४ असले तरी मॅटप्लॉटलिब तक्रार करत नाही. रंग संपले की पहिल्यापासून पुन्हा सुरू करते. त्यामुळे तेराव्या आकाराला पहिल्या तालुक्याचा आणि चौदाव्याला दुसऱ्याचा रंग मिळाला. आकारांची संख्या आणि आकड्यांची संख्या जुळते का हे लेन या मोजणीच्या आज्ञेने दरवेळी तपास. खरा उपाय म्हणजे तिसवाडीचे सगळे तुकडे एकाच पाथमध्ये, म्हणजे एकाच बाह्यरेषेत, जोडणे. त्यासाठी पाथच्या मेक_कंपाउंड_पाथ या आज्ञेला सगळ्या तुकड्यांचे पाथ दे आणि निघालेल्या पाथचा पाथपॅच कर. बेटांसह तिसवाडी एकच आकार होईल आणि एकाच आकड्याने रंगेल.

हीच युक्ती सांगे तालुक्यात उलट्या बाजूने कामाला येते. साळावली धरणाचा जलाशय भरावातून वगळायचा असेल तर बाहेरची सीमा आणि जलाशयाची सीमा एकाच पाथमध्ये जोड. अट एवढीच की बाहेरचे बिंदू घड्याळाच्या दिशेने असतील तर आतले उलट्या दिशेने हवेत. दिशा एकच राहिली तर जलाशयही रंगून जातो. तसे झाले तर आतल्या बिंदूंची यादी उलटी कर, भोक पडेल. प्रत्येक सीमारेषा बंद झाली आहे ना, तेही पाहा. शेवटच्या बिंदूला क्लोजपॉली हा संकेत हवा.

काटे का येतात? सुट्या आकारांचे कोपरे मूळातच टोकदार ठेवलेले असतात. या प्रकाराला 'मायटर' म्हणतात. दोन रेघा फार अरुंद कोनात भेटल्या की त्यांच्या बाहेरच्या कडा खूप पुढे जाऊन मिळतात आणि काटा दिसतो. खाड्यांनी चिरलेल्या आपल्या किनाऱ्यावर असे कोन पावलोपावली आहेत. जॉइनस्टाइल 'राउंड' दे. बारीक कडेला 'बेव्हल'ही चालते.

तू विचारले नाहीस, पण गोव्याचा नकाशा अक्षांश-रेखांशांत काढताना आस्पेक्ट 'इक्वल' ठेवणे बरोबर नाही. आपल्याकडे, साधारण १५.३ अंश उत्तरेला, रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या एका अंशापेक्षा लहान भरतो, कारण तो अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे ०.९६५ ने कमी होतो. सेट_आस्पेक्टला १.०३७ दे. फरक थोडा आहे, पण छापील नकाशाशेजारी ठेवला की डोळ्याला जाणवतो.

प्रश्न : शाळेच्या वार्षिकांकात भात, काजू आणि नारळ यांच्या क्षेत्राचे स्तंभ छापायचे आहेत. अंक काळ्या-पांढऱ्यात आहे. हॅच वापरला, पण छापून आल्यावर रेघा इतक्या दाट झाल्या की सगळे स्तंभ काळेच दिसतात. शिवाय हॅचचा रंग बदलला की कडेचाही बदलतो.
— शिक्षिका, मडगाव

उत्तर : हॅच स्तंभाच्या आकड्यांशी बांधलेला नसतो, तो कागदावरच्या मापाशी बांधलेला असतो. स्तंभ मोठा केला तर रेघा विरळ होत नाहीत, फक्त संख्येने वाढतात. तुम्ही चित्र मोठ्या मापात काढले असणार, आणि अंकाच्या मांडणीत ते लहान करताना रेघा जवळ आल्या. म्हणून चित्र छापायच्या मापातच काढा. अंकाच्या पानावरच्या रकान्याची रुंदी ८.५ सेंटिमीटर असेल तर २.५४ ने भागून ३.३५ इंच, आणि तोच आकडा फिगसाइझमध्ये. सेव्हफिगमध्ये डीपीआय ३०० ठेवा. मांडणी करणाऱ्यांना चित्र शंभर टक्के मापातच बसवायला सांगा.

दाटी चिन्हांच्या संख्येने ठरते. एक तिरकी रेघ विरळ, तीच चार वेळा लिहिली तर दाट. तीन पिकांसाठी आमची पसंती अशी: भाताला पांढरा भराव आणि दोन तिरक्या रेघा, काजूला मध्यम करडा भराव आणि हॅच नाही, नारळाला पांढरा भराव आणि दोन टिंबे. करडा रंग '०.६' असा अवतरणात द्यायचा, शून्य म्हणजे काळा आणि एक म्हणजे पांढरा. अवतरण विसरले तर तो आकडा रंग म्हणून स्वीकारला जात नाही. डावीकडे झुकणारी तिरकी रेघ हवी असेल तर ती अवतरणात दोनदा लिहा. एकदाच लिहिली तर पायथन पुढचे अवतरणचिन्ह गिळते आणि ओळच मोडते. ती दाट हवी असेल तर चार वेळा. हॅचच्या रेघांची जाडी आरसीपॅराम्समधल्या, म्हणजे लायब्ररीच्या मूळ ठरावांच्या यादीतल्या, हॅच.लाइनविड्थने ठरते. ती मूळात १ असते, छोट्या मापाला ०.५ पुरे.

हॅचचा रंग एजकलरच्या मागे जातो. करडा हॅच आणि काळी कड हवी असेल तर तोच स्तंभ दोनदा काढा. पहिल्यांदा भराव, हॅच, करडा एजकलर आणि लाइनविड्थ ०, म्हणजे हॅच दिसतो पण कड दिसत नाही. दुसऱ्यांदा फेसकलर 'नन', काळा एजकलर आणि लाइनविड्थ ०.८. सूचीसाठी लेबल फक्त पहिल्यालाच द्या, नाहीतर प्रत्येक पीक दोनदा येईल.

प्रश्न : पारदर्शक रंगांचा आलेख छापखान्याने ईपीएसमध्ये मागितला. तिथे सगळे रंग अपारदर्शक झाले आणि खालचे आकार झाकले गेले.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : मॅटप्लॉटलिबचे ईपीएस पारदर्शकता सांभाळत नाही, आणि जतन करताना तशी सूचनाही देते. पीडीएफ चालेल का ते विचारा, बहुतेक ठिकाणी चालते. चालत नसेल तर मिठागरांच्या उत्तरात दिलेला हिशेब करून फिकट रंग आधीच तयार करा. जिथे दोन आकार एकमेकांवर येतात तो भाग तिसरा आकार म्हणून, स्वतःच्या रंगाने काढावा लागेल.

प्रश्न : ग्रिडच्या रेघा रंगीत चौकोनांवरून जातात. गावांचे ठिपके मात्र तालुक्यांच्या खाली दडतात.
— एक वाचक, वास्को

उत्तर : दोन्ही झेडऑर्डरमुळे होते. लहान आकडा आधी काढला जातो. चित्रे ०, भरलेले आकार १, रेघा २, मजकूर ३ आणि सूची ५. ग्रिड १.५ वर असते, म्हणजे आकारांच्या वर आणि रेघांच्या खाली. सेट_ॲक्सिसबिलो 'ट्रू' दिले की ती ०.५ वर उतरते. स्कॅटरचे ठिपके आकारांप्रमाणेच १ वर असतात. आकडा सारखा असला की जे आधी जोडले ते खाली जाते, आणि तुम्ही ठिपके आधी काढले आहेत. ठिपक्यांना झेडऑर्डर ४ द्या. नद्या रेघा असल्यामुळे त्या आपोआप वर येतात, त्यांना हात लावू नका.

प्रश्न : जुन्या पुस्तकातल्या आलेखांत स्तंभांना काळी कड आहे. तीच आज्ञा देऊन माझ्याकडे ती येत नाही.
— विद्यार्थी, डिचोली

उत्तर : पुस्तक २.० च्या आधीच्या आवृत्तीवरचे आहे. २०१७ साली आलेल्या २.० पासून भरलेल्या आकारांना आपोआप कड मिळत नाही. एजकलर 'ब्लॅक' स्वतः लिही. सगळ्याच चित्रांना हवी असेल तर आरसीपॅराम्समध्ये पॅच.फोर्स_एजकलर 'ट्रू' कर.

प्रश्न : चौकोनांवर मराठी नावे लिहिली तर आधी रिकाम्या चौकटी आल्या. देवनागरी फाँट दिल्यावर अक्षरे आली, पण वेलांट्या चुकीच्या जागी आणि जोडाक्षरे तुटलेली.
— एक वाचक, काणकोण

उत्तर : लायब्ररीसोबत येणाऱ्या डेजाव्हू सान्स फाँटमध्ये देवनागरी नाही, म्हणून रिकाम्या चौकटी आल्या. फाँट बदलल्यावर उरलेला दोष अक्षरजुळणीचा आहे. मॅटप्लॉटलिब अक्षरे एकामागून एक ठेवते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न्यायची, अर्धे अक्षर जोडायचे, हे काम तुमच्याकडची आवृत्ती करत नाही. आरसीपॅराम्समध्ये एसव्हीजी.फाँटटाइपला 'नन' द्या, इथेही अवतरणातलेच, आणि चित्र एसव्हीजीत जतन करा. मग नावे आकृती न होता मजकूर म्हणूनच राहतात, आणि ती फाइल ब्राउझर किंवा इंकस्केप हा चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम उघडतो तेव्हा जुळणी तिथे नीट होते. फाँट त्या संगणकावर बसवलेला हवा. नाव चौकोनाच्या मधोमध हवे असेल तर एचए 'सेंटर' आणि व्हीए 'सेंटर' द्या. अंदाजाने डावीकडून सरकवू नका, कारण पडद्यावर दिसणारी तुटक रुंदी आणि जुळणी झाल्यावरची रुंदी सारखी नसते. छापायला पाठवण्यापूर्वी इंकस्केपमध्ये मजकुराचे पाथमध्ये रूपांतर करून वेगळी प्रत ठेवा, म्हणजे छापखान्यात फाँट नसला तरी 'धारबांदोडा' आणि 'सासष्टी' जशीच्या तशी उतरतील.